सुनेच्या पाठीवरची पानं

यंदाच्या जानेवारीत पंधरा दिवस, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, मी माझ्या सुनेच्या पाठीला मलम लावलं. उजव्या खांद्याच्या मागे, जिथे आपला स्वतःचा हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही, तिथे तिने टॅटू काढून आणला होता. घरात आम्ही दोघीच. त्यामुळे मलम कोणी लावायचं यावर काही चर्चा झाली नाही.

टॅटू नवा असला तरी जागा जुनी होती. तिथे आधी माझ्या मुलाचं नाव होतं. मुलगा अडीच वर्षांपूर्वी डेंग्यूने गेला, सहा दिवसांत. नाव तेवढं राहिलं होतं, तीन अक्षरं आणि खाली एक बारीक बदाम. आता त्यावर पानं आली होती, मोठी, काळपट हिरवी, एकावर एक.

"ही कसली पानं?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"नुसती पानं आहेत, आई. खालचं झाकायला गडद काहीतरी लागतं म्हणून."

"पण कसली?"

"कसलीच नाहीत."

मी कळवणकडच्या शेतकऱ्याची मुलगी आहे. कसलीच नसलेली पानं मी पहिल्यांदा पाहिली.

तिचं दुसरं लग्न ठरलं होतं. स्थळ तिच्या भावाने आणलं, लासलगावचं. मुलाची कांद्याच्या मार्केटात अडत होती, पहिलं लग्न मोडलेलं, मूलबाळ नाही. एकदा घरी येऊन गेला तेव्हा चहा झाल्यावर कप स्वतः उचलून आत नेऊन ठेवला. मी सगळ्यांच्या आधी होकार दिला, तिच्या भावाच्या आधी, तिच्या आईच्या आधी आणि तिच्याही आधी. सासूने पोरीला धरून ठेवलं असं कोणी म्हणायला नको. बिल्डिंगमध्ये माझं फार कौतुक झालं. दोन बायकांनी तर जिन्यात मिठी मारली. पंचवीस वर्षांपूर्वी माझा नवरा गेला तेव्हा यातल्या एकीनेही माझ्यासाठी स्थळ आणलं नव्हतं, तो भाग वेगळा.

होकार तोंडाने दिला होता. पोटात काय होतं तेही सांगून टाकते. ती जायला मला नको होती. ती गेली की माझ्या मुलाला पोह्यांत शेंगदाणे चालत नाहीत हे माहीत असलेलं दुसरं माणूस या घरात उरणार नव्हतं. कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण मोठेपणा आधीच घेऊन झाला होता.

नाव झाकायचं तिचं तिनेच ठरवलं. मला सांगायला आली तेव्हा मी भेंडी पुसत होते.

"त्यांनी काही म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "पण आई, रोज त्यांच्यासमोर ते असणं बरं नाही. दोघांसाठीही."

दोघं म्हणजे तो लासलगावचा आणि माझा मुलगा. ते मला पटलं. पटलं याचाच राग आला. मी "बघ बाई, तुझी पाठ आहे" म्हणाले आणि पुसलेली भेंडी परत पुसली.

जुनं नाव गोंदवलं तेव्हाही मी रागावले होते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी दोघं कॉलेज रोडला गेले आणि ते करून आले. मी चार दिवस बोलले नाही. गोंदणाला माझी ना नव्हती. माझ्या दोन्ही हातांवर गोंदण आहे. सात वर्षांची असताना जत्रेत एका बाईने सुयांनी टोचलं, तेव्हा दोन मावश्यांनी मला धरलं होतं आणि तिसरी गूळ भरवत होती. पण गोंदण हातावर असतं, भाकरी थापताना चार माणसांना दिसतं. पाठीवर नवऱ्याचं नाव काढून दाखवायचं कोणाला?

"मला," माझा मुलगा म्हणाला होता.

तेव्हा मलम तोच लावायचा. दार लोटून घ्यायचे, आतून दोघांच्या हसण्याचा आवाज यायचा आणि मी बाहेर मेथी निवडत बसायचे. म्हणजे हे काम मुळात त्याचं होतं. माझ्याकडे ते चुकून आलं.

आता माझ्या हातांविषयी सांगायला हवं. नवरा गेल्यावर त्याच्या जागी मी नोटांच्या प्रेसमध्ये लागले. नाशिक रोडला प्रेस म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही आणि आत काय चालतं ते सांगायचंही नसतं. एवढंच सांगते की मी चोवीस वर्षं छापलेले कागद तपासले. रेघ तुटली, शाई पसरली, काही कमी-जास्त उमटलं की तो कागद बाजूला. चांगल्या कागदाकडे मी कधी पाहिलं नाही, तो हातातून नुसता पुढे जायचा. रिटायर होऊन वर्ष झालं, पण नजर अजून कामावर जाते. अशा बाईच्या ताब्यात कोणी आपली पाठ देऊ नये. सुनेने दिली.

बेडरूमच्या खिडकीपाशी उजेड चांगला, म्हणून प्लॅस्टिकचं स्टूल तिथे ठेवलं. ती पाठमोरी बसायची, गाऊन खांद्यावरून खाली सरकवायची. मी आधी हात धुवायचे, मग उकळून कोमट केलेल्या पाण्याने आणि बिनवासाच्या साबणाने जागा धुवायची, तीही नुसत्या हाताने. घासणी नाही, टॉवेल नाही. टिश्यूने टिपायचं, पुसायचं नाही. मग मलमाचा थर द्यायचा, इतका पातळ की लावलाय की नाही अशी शंका यावी. उन्हात जायचं नाही, पाठीवर झोपायचं नाही, खाजवायचं नाही. आणि खपली धरली की तिला हात लावायचा नाही, कारण खपलीबरोबर शाई निघून येते. हे टॅटूवाल्याने मला फोनवर दोनदा सांगितलं. त्याला भेटले नव्हते तेव्हा वाटलं होतं कोणीतरी टवाळ असेल. पण बोलायला तो आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरपेक्षा बरा होता.

पहिल्या दिवशी धुतलं तर टिश्यूवर काळं-हिरवं पाणी आलं. शाई निघत होती. मला घाबरायला हवं होतं. मला बरं वाटलं.

"जास्तीची शाई आहे काकू, ती येणारच," टॅटूवाला फोनवर म्हणाला. "खालची पक्की आहे."

"बरं," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी जागा लाल आणि गरम लागली. तेही ठीक आहे असं टॅटूवाल्याचं म्हणणं पडलं. मला त्याच्या सगळ्याच ठीकवर विश्वास नव्हता, म्हणून कळवणला बहिणीला फोन केला. टॅटूचं नाव काढलं नाही. सुनेच्या पाठीला जखम आहे एवढंच सांगितलं.

"वांगं नाय द्यायचं तिला," बहीण म्हणाली. "आंबट नाय, तुरीची डाळ नाय. लय पू धरतो. अन् हळद-तेल लाव. त्या मलमात काय हाय?"

सुनेच्या ताटातून वांगं, चिंच, दही आणि वरण गेलं. तिने दोन दिवस मुगाची डाळ मुकाट्याने खाल्ली, पाचव्या दिवशी फक्त "आई, मला कावीळ झालीय का?" असं विचारलं. सहाव्या दिवशी सकाळी मी खोबरेल तेलात हळद कालवली आणि मलमाऐवजी तीच लावली. तिला सांगितलं नाही. तिचे डोळे पुढे आहेत.

ती ऑफिसला गेली आणि अकरा वाजता तिचा फोन आला.

"आई, माझ्या अंगाला सकाळपासून फोडणीचा वास का येतोय?"

मी खरं ते सांगितलं. दुपारी ती रजा टाकून घरी आली तेव्हा पांढरा कुर्ता मागून पिवळा झाला होता आणि पानांच्या कडेने बारीक पुरळ उठली होती. टॅटूवाला म्हणाला, काकू, हळद भाजीत घाला. मी ते सगळं धुवून काढलं आणि शरमेने मान खाली घालून धुतलं. मला वाटलं ती रागावेल. ती हसत होती. आधी आवाज न करता, मग जोरात, इतकी की खांदा हलायला लागला आणि मला टिपता येईना. अडीच वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मीही हसले. ती संध्याकाळ आमची फार चांगली गेली, तुरीचं वरणही झालं.

हळद मी तिला बरं वाटावं म्हणून लावली होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं तसं नव्हतं.

सातव्या दिवसापासून कातडीचे पापुद्रे सुटायला लागले, कांद्याच्या वरच्या सालीसारखे. खाज सुटायची. "आई, जरा थोपटा ना," ती म्हणायची, आणि मी बोटं जुळवून हलक्या हाताने थोपटायचे, लहान मूल झोपवतात तसं. खाजवायला बंदी होती, थोपटायला परवानगी होती. पानं हळूहळू खालून नीट दिसायला लागली. काम चांगलं होतं, हे मला कबूल करावं लागलं. नावाचं पहिलं अक्षर कुठे होतं ते मला माहीत होतं, तरी सापडेना. बदामाच्या जागी एक देठ आला होता.

एकाच ठिकाणी खपली जाड धरली होती. शेवटच्या अक्षरावर.

नववा दिवस होता. ती स्टुलावर बसून लासलगावशी फोनवर बोलत होती, तिथल्या घरातल्या पडद्यांविषयी. पडदे निळे असावेत की पिस्ता, असा विषय होता. माझं धुवून, टिपून झालं होतं. खपलीची एक कड उचललेली होती आणि माझा अंगठा तिच्यापाशी होता.

सवयीने झालं असं मी म्हणू शकते. चोवीस वर्षं कागदावर जरा काही वर आलं की माझा अंगठा तिथे जायचा. पण खरं तसं नाही. खपली नखाखाली येते तेव्हा आधी नुसतं टोक सुटतं. तिथे थांबता येतं. मी थांबले नाही.

"आई गं," ती म्हणाली, आणि मग फोनवर, "काही नाही, काही नाही. पिस्ता चालेल."

रक्ताचा एक ठिपका आला. मी टिश्यूने दाबून धरला. "खपली निघाली," मी म्हणाले. "आपसूक."

चार दिवसांनी ती जागा भरली. सगळी पानं गडद झाली आणि तिथे मात्र फिकट डाग राहिला, आणि त्या डागात एक उभी रेघ. माझ्या मुलाच्या नावाची शेवटची रेघ. सकाळच्या उजेडात ती सहज दिसायची, संध्याकाळी दिव्याखाली शोधावी लागायची. मी शोधायचे. सापडली की मला आनंद व्हायचा आणि लगेच स्वतःची किळस यायची, आणि या दोन्ही गोष्टी रोज दोन वेळा व्हायच्या.

"कसं दिसतंय?" ती विचारायची.

"चांगलं दिसतंय."

टॅटूवाल्याला पाठवायला ती माझ्याकडून फोटो काढून घ्यायची. मी खिडकीकडून असा तिरका उजेड घ्यायचे की नेमकी तेवढी जागा चमकावी. उजेडात काय दिसतं आणि काय लपतं, हे मला पगार देऊन शिकवलेलं होतं. टॅटूवाल्याने अंगठा वर केलेलं चित्र पाठवलं. दीड महिन्याने एकदा दाखवायला या, कुठे शाई कमी पडली असेल तर भरून देऊ, असंही सांगितलं.

दीड महिना भराभर गेला. ती सामान आवरत होती, मी आवरायला मदत करत होते आणि जमेल तेवढी आडकाठीही करत होते. एक पिशवी तिने भरली की मी ती रिकामी करून नीट भरायचे. तिला ते कळत असणार. मी ठरवलं होतं की रेघेचं सांगायचं नाही. कोणाचं काय बिघडणार होतं? एवढ्या पानांत एक रेघ. तिला दिसणार नाही, आणि तो माणूस बिचारा कांदे बघणारा, तो काय एवढं बारीक बघणार आहे.

मग आम्ही ब्लाउज शिवायला टाकायला गेलो. लग्न कोर्टात होणार होतं, पण साडी नवी घेतली होती. शिंप्याने टेप गळ्यात टाकून विचारलं, "मागचा गळा मोठा ठेवायचा का?"

"ठेवा," ती म्हणाली. "आता काही अडचण नाही."

मला खाली बसावंसं वाटलं. तिथे एकच खुर्ची होती आणि तिच्यावर कोणाच्यातरी परकराचा ढीग होता, म्हणून उभीच राहिले. मी ठेवलेली ती रेघ घेऊन ती लोकांसमोर उभी राहणार होती, फोटो काढून घेणार होती, लासलगावच्या घरात वावरणार होती. मी तिथे नसणार होते. खोट लपवून कागद पुढे पाठवला, असं मी नोकरीत एकदाही केलं नव्हतं. घरात केलं होतं, आणि तेही त्या पोरीशी, जिने विचार न करता मला पाठ दिली होती.

तरी घरी येऊन बोलले नाही. तोंड उघडायचे आणि भाजीचं काहीतरी विचारायचे.

लग्नाच्या आठ दिवस आधी आम्ही तिच्या स्कूटीवरून कॉलेज रोडला गेलो. टॅटूवाल्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दोन्ही हात मनगटापर्यंत रंगलेले, आणि भिंतीवर एका देवाची तसबीर, ताजा हार घातलेली. त्याने सुनेला पालथं झोपवलं, दिवा ओढला, पाठीवरून नजर फिरवली.

"मस्त बसलंय," तो म्हणाला. "काही करायची गरज नाही."

ती उठायला लागली. मला वाटलं, सुटले. आणि माझ्याच तोंडून आलं, "नीट बघा."

"कुठे, काकू?"

मी चष्मा पुसला, घातला आणि बोट ठेवलं. "इथे. उभी रेघ आहे."

त्याने दिवा खाली घेतला. "अरे हो," तो म्हणाला. "इथली शाई गेलीय. खपली ओढली का कोणी?"

ती उशीत तोंड घालून पडली होती.

"मी ओढली," मी म्हणाले. "नखाने. नवव्या दिवशी. चुकून नाही."

टॅटूवाला हातमोजे घालायला मागे वळला, आणि वळून जरा जास्तच वेळ हातमोजे घालत राहिला.

"माहीत आहे, आई," ती उशीतूनच म्हणाली. "दुखलं होतं ना. मग मी दोन आरसे धरून बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला हवी आहे तर राहू दे."

"आणि ब्लाउजचा गळा?"

"पदर घेतला असता."

मी तिथे रडले. मुलगा गेला तेव्हा लोक जमले होते, त्यांच्यासमोर रडताना एक बरं असतं, सगळे रडत असतात. इथे मी एकटीच रडत होते आणि शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी कान टोचून घ्यायला नंबर लावून बसली होती, तिला वाटलं असेल फार दुखतं. टॅटूवाल्याने टिश्यूचा रोल माझ्याकडे सरकवला.

"मग भरायची ना?" त्याने विचारलं.

"आईंना विचारा," ती म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं. मशीन हातात होतं, सुरू केलं नव्हतं. मी परत एकदा वाकून ती रेघ बघितली. सरळ होती. वरच्या टोकाला जरा जाड होती.

"भरा," मी म्हणाले.

पाच मिनिटंही लागली नाहीत. तिने हात मागे केला आणि माझा पदर धरून ठेवला, सबंध वेळ.

लग्न कोर्टात झालं, सह्या झाल्या, आणि सगळी मंडळी जेवायला माझ्याकडे आली. वांग्याची भाजी केली होती. संध्याकाळपर्यंत लोक पांगले आणि ती दोघं तेवढी राहिली, कारण भरलेल्या जागेला अजून मलम लावायचं होतं. मी लावायला उठले आणि मग त्याला म्हणाले, "तुम्ही या. तुम्हालाच लावायचंय आता."

तो आला. शर्टाच्या बाह्या दुमडून बेसिनपाशी गेला आणि मी सांगायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवून आला. ती स्टुलावर बसली होती. मी धुवायचं कसं, टिपायचं कसं ते दाखवलं. मलम त्याने बोटावर जास्त घेतलं, मी अर्धं पुसायला लावलं. रोज क्विंटलात व्यवहार करणाऱ्या माणसाला मटाराएवढं म्हणजे किती हे सांगणं अवघड जातं.

पानांवरून बोट फिरवत तो नव्या भरलेल्या जागेवर आला आणि थांबला.

"इथे दुखतं का?" त्याने तिला विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही."

प्रश्न मला नव्हता. तरी मी म्हणाले, "थोडं."

त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि हात हलका केला.